बुशात अडकलेला बार

१

माणूस गेला सकाळी सव्वादहाला, आणि बारा वाजता त्याच्या मृत्यूचं कारण टाइप होऊन तयार होतं. मी सव्वीस वर्षं कारखान्यांचा तपासनीस आहे, त्याआधी अकरा वर्षं लेथवर उभा होतो. कारण इतक्या लवकर सापडलं की मला पहिला संशय ते शोधणाऱ्याचा येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने तो कागद माझ्यापुढे सरकवला. आधी चहा मागवला, मग कागद. त्यात चारच वाक्यं होती. ऑपरेटरने गाइड बुश प्रमाणाबाहेर आवळला म्हणून बार अडकला. मशीन जुळवून देणारा सेटर मागे जाऊन बार मोकळा करत होता. ऑपरेटरने इशारा नसताना मशीन चालू केलं. मागे बाहेर आलेला बार वाकून गरगरला आणि सेटरच्या डोक्याला लागला.

"ऑपरेटर म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ," मॅनेजर म्हणाला. "वाईट वाटतं हो. पण चूक ती चूक. सगळं घरच इथे कामाला. सेटरची बायको आमच्या मोजमापाच्या खोलीत. तिचे वडील मागच्या शेडमध्ये ग्राइंडिंग करतात, त्यांना सगळे काका म्हणतात. एका घरातले चौघं."

"तिघं," मी म्हणालो. त्याने पेपरवेट सरळ केला.

हे मशीन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या लेथवर बार जागेवर फिरतो आणि टूल त्याच्या अंगावरून सरकतं. स्विस लेथवर उलटं असतं. टूल जागेवर, आणि फिरता बार पुढे पुढे सरकत त्याच्या तोंडाशी येतो. बार म्हणजे पोलादाची कांब, करंगळीहून बारीक आणि माणसाहून लांब. टूलच्या दाबाने तो वाकेल, म्हणून टूलच्या अगदी जवळ त्याला सगळीकडून धरणारी एक पोलादी बाही असते. तीच गाइड बुश. ती सैल असली तर माल खराब होतो, घट्ट असली तर बार अडकतो. या दोहोंमधलं अंतर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असतं, आणि ते हाताला कळावं लागतं.

मशीनभोवतीची फरशी स्वच्छ धुतलेली होती. तपासाआधी फरशी धुणारी माणसं मला आवडत नाहीत. मी तसं बोललोही.

"बायकामाणसं येतात-जातात, म्हणून..." मॅनेजर पुटपुटला. मग त्याने रॅकवरून एक नवा बार उचलला आणि बुशच्या तोंडाला लावला. "हे बघा ना तुम्हीच. शिरतसुद्धा नाही! इतका आवळलाय."

खरंच शिरत नव्हता. मी चष्मा पुसून बुशचा नट बघितला. मशीनवर सगळीकडे पिवळं तेल होतं, पण नटाच्या खाचांमध्ये करडा चिखल वाळून बसला होता. खाली ट्रेमध्ये बारमधून कातून निघालेल्या सुया पडल्या होत्या, या मशीनचा तयार माल. मी त्या मोजल्या. अकरा होत्या.

"या काल सकाळच्या?"

"हो. त्याच बारच्या. बाराव्याला अडकला."

"आणि तो अडकलेला बार कधी काढलात?"

"अकरा वाजता, मेंटेनन्सच्या लोकांकडून. लगेच मोजमापाच्या खोलीत ठेवून दिला, पुरावा म्हणून. मग सगळ्यांना घरी पाठवलं. बारा वाजता मी स्वतः येऊन हा बुश तपासला आणि कागद केला."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. शिकलेला माणूस होता, म्हणून जास्त राग आला.

"मॅनेजरसाहेब, बुश इतका घट्ट असता तर पहिलीच सुई निघाली नसती. या अकरा निघाल्या. आणि बार आत असताना बुश बारपेक्षा लहान होऊच शकत नाही. मनगटात बांगडी असताना बांगडी मनगटाहून लहान होईल का? हा नट आवळला गेला तो बार काढल्यावर, अकरा वाजल्यानंतर आणि बारा वाजायच्या आत. तो माणूस गेल्यावर कुणीतरी पाना घेऊन इथे आलं होतं."

२

धाकटा कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला होता. रात्रही त्याने तिथेच काढली होती. आईने त्याला घरात येऊ दिलं नव्हतं. मॅनेजरच्या कागदाची बातमी त्याच्याआधी घरी पोहोचली होती, आणि आईने दार अर्धवट उघडून एवढंच सांगितलं होतं की तू माझ्या दारात उभा राहू नकोस.

तिशीचा माणूस, पण मान खाली घालून बसला की शाळेतून काढून टाकलेल्या पोरासारखा दिसत होता. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. दोन तास लागले. त्यातलं काही मी इथे लिहिणार नाही.

"बुश मीच बांधला, साहेब," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. सहा वर्षं दादा मला हात लावू देत नव्हता. काल म्हणाला, आज तू बांध. मी बांधला. त्याने बार हाताने सरकवून बघितला, दोनदा. मग म्हणाला, 'शिकलास की रे.'"

मी त्याला पाणी दिलं.

"मग?"

"अकरा सुया निघाल्या. बाराव्याला बार करकरला आणि अडकला. मी मशीन थांबवलं. दादा मागे गेला, बार पुढे ढकलणाऱ्या फीडरचं झाकण उघडलं. पितळी हातोडीने मागून ठोकून तो बार सोडवतो. सोडवायचा. त्याचा हात असा की एका ठोक्यात सुटायचा. अख्ख्या कारखान्यात कुणाला ते जमत नाही."

"आणि तुला कसं कळतं, मशीन कधी चालू करायचं ते? पुढून मागचं दिसत नाही."

"बार सुटला, झाकण लावलं, की दादा मशीनच्या मागच्या पत्र्यावर हातोडीने दोन ठोके देतो. दोन म्हणजे चालू कर. आवाजामुळे कानात बोळे असतात, म्हणून मी मशीनवर तळहात ठेवून उभा राहतो. ठोका तळहाताला कळतो."

"काल किती ठोके आले?"

"दोन."

"नक्की?"

"आईशप्पथ दोन, साहेब." मग त्याने स्वतःच मान हलवली. आईची शपथ घ्यायचा हक्क आपल्याला उरला आहे का, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. "शेजारच्या मशीनवाले म्हणतात, आम्ही काहीच ऐकलं नाही. कसं ऐकतील? त्यांचा हात माझ्या मशीनवर नव्हता."

"झाकण उघडं असलं तर मशीन चालूच होत नाही. त्यासाठी तिथे स्विच असतो."

"तो तारेने बांधलाय, साहेब. तीन आठवड्यांपासून बार सारखे अडकायला लागले. दर वेळी झाकण उघडलं की मशीन पूर्ण बंद पडायचं, पुन्हा सगळं लावत बसा. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, बांधून टाका."

हे त्या टाइप केलेल्या कागदात नव्हतं. पाचव्या वाक्याला शाई पुरली नसावी.

मी उठलो तेव्हा त्याने माझी बाही धरली. सरकारी माणसाची बाही कुणी धरत नाही.

"साहेब, तुम्ही लेथवर होता म्हणे. मला सरळ सांगा. माझा बुश घट्ट होता का? मी दादाला मारलं का?"

नुसतं 'नाही' म्हणून टाकणं सोपं होतं, पण पुराव्याशिवाय दिलेल्या दिलाशाला आईच्या दारात कुणी विचारणार नव्हतं. मी त्याला माझ्याबरोबर मोजमापाच्या खोलीत चल म्हणालो.

३

बार टेबलावर होता. मी आधी त्याचं मागचं टोक बघितलं, जिथे हातोडी बसते तिथलं. भिंग लावलं आणि धाकट्याला बघायला दिलं.

टोकावर पितळाचे पिवळे डाग होते. दोन. एक दुसऱ्यावर अर्धा चढलेला, दोन्ही ताजे.

त्याला कळलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. मी पुढच्या कामाला लागलो, कारण मला अजून एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

बुशात बार अडकला की मी कारणांना संशयितांसारखं रांगेत उभं करतो. तेल कमी पडलं? पंप व्यवस्थित वाहत होता, सुया तेलाने भिजलेल्या होत्या. बुशात कीस भरला? बुश आतून आरशासारखा स्वच्छ होता. बार वाकडा? मागचा भाग अपघातात वाकला होता, पण बुशात होता त्या भागाला पट्टी लावली तर तो सरळ होता. बार जाड? मायक्रोमीटरने मी अठरा ठिकाणी मोजला, फिरवून फिरवून मोजला. सगळीकडे सहा मिलिमीटर, तंतोतंत. सगळे संशयित हात झाडून निघून गेले आणि माणूस मात्र मेलेला तो मेलेलाच.

मग मी बार खिडकीपाशी उजेडात धरला. जिथे तो बुशात अडकला होता तिथे अंगावर ओरखडे होते. लांबीच्या दिशेने तीन पट्टे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. मधली जागा चकचकीत, तिला बुश शिवलाच नव्हता.

"या मशीनचा बुश फिरतो की स्थिर असतो?" मी धाकट्याला विचारलं.

"स्थिर. बार आत फिरतो."

"मग हे बघ. बुश घट्ट असता, म्हणजे चूक तुझी असती, तर बार आत फिरताना त्याच्या सगळ्या अंगभर ओरखडा उमटला असता. इथे तीनच पट्टे आहेत. म्हणजे बारच तीन ठिकाणी फुगलेला आहे. बुश बरोबर होता. बार गोल नव्हता."

"पण मायक्रोमीटर..."

"मायक्रोमीटर दोन बोटांच्या चिमटीसारखा. समोरासमोरची दोन टोकं तेवढी त्याला कळतात. तीन बाजूंनी फुगलेला बार कसाही धर, एका फुगवट्याच्या समोर खोलगट भाग येतो आणि माप जुळतं. चिमटीला तो गोल वाटतो. गोल भोकात घातला की अडतो."

मी बार व्ही आकाराच्या ठोकळ्यात ठेवला, वर डायल लावला आणि हळू फिरवला. काटा वर गेला, खाली आला. एका फेऱ्यात तीनदा. बारच्या पुढच्या टोकाला काटा जेमतेम हलत होता. मागे यावं तसा जास्त. अकरा सुया का निघाल्या आणि बारावी का नाही, त्याचंही उत्तर मिळालं.

धाकट्याने भिंतीला हात टेकला.

हा दोष जुन्या कारागिरांना माहीत असतो, आणि त्याला पकडायचं साधनही असतं. कडक पोलादाची रिंग. बार तिच्यातून गेला तर गोल, नाही गेला तर परत. या खोलीत भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर रिंगा टांगलेल्या होत्या. सहाच्या आसपासच्या मापांचेच चार खिळे. पाच पूर्णांक अठ्ठ्याण्णव, सहा, सहा पूर्णांक शून्य दोन, शून्य चार. नुसत्या नजरेला सगळ्या सारख्या, आकडा सुईच्या टोकाने कोरलेला.

सहाचा खिळा रिकामा होता.

मी बार तपासणीची वही उघडली. बाईमाणसाचं स्वच्छ अक्षर. 'रिंग' या रकान्यात रोज बरोबरची खूण. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारपासून तो रकाना कोरा, फक्त मायक्रोमीटरची मापं.

"ही रिंग कुठे आहे?" मी मॅनेजरला बोलावून विचारलं.

"असेल कुठेतरी," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने विचारलं, "का, तिचं काय?"

४

बार गोल करायचं काम मागच्या शेडमध्ये चाले. तिथे तेल नसतं, पाणी असतं. पाण्यात दगडाची आणि पोलादाची पूड मिसळून करडा चिखल होतो, आणि ग्राइंडिंगवाल्याच्या नखांमधून तो कधीच जात नाही.

काका मशीनपुढे स्टुलावर बसले होते. मशीन बंद होतं. जावई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलात कसे, असं मी विचारणार होतो. पण घरी जाऊन मुलीच्या समोर बसायची ताकद नसलेला बाप मी याआधीही पाहिला आहे.

"काका, काल सगळे घरी गेले तेव्हा तुम्ही मागे थांबलात."

"पाण्याचा पंप बंद करायचा होता."

"आणि जाता जाता बुशचा नट आवळलात."

त्यांनी करड्या नखांची बोटं मुठीत मिटली. मी त्यांच्या मशीनकडे गेलो. दोन चाकांच्या मध्ये एका पट्टीवर बार टेकतो आणि घासला जातो. ती पट्टी योग्य उंचीवर हवी. खाली घसरली की बार तीन बाजूंनी फुगतो, आणि करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उंची मोजायचं साधन बाजूला धूळ खात पडलं होतं.

"पट्टी कशावर लावता? मापाने की अंदाजाने?"

"चाळीस वर्षं झाली," काका म्हणाले. "माझा हातच माप आहे."

"घासताना बार उडायला लागले म्हणून पट्टी खाली घेतलीत ना? तीन आठवड्यांपूर्वी एकदा, आणि परवा पुन्हा."

ते एकदम घडाघडा बोलायला लागले, जसं पाठ करून ठेवलं असावं.

"लिहून घ्या साहेब. सगळं मीच केलं. बार मी बिघडवले. रिंगमधून ते जाईनात म्हणून रिंग मीच काढून लपवली. नोकरी जाईल या भीतीने. काल बार टेबलावर बघितला, हात फिरवला आणि मला कळलं की हे माझंच पाप. म्हणून जाऊन नट आवळला. त्या पोरावर आलं तर येऊ दे, असं वाटलं. मला फाशी द्या, पण आता आणखी कुणाला विचारू नका."

आणखी कुणाला विचारू नका. कबुली देणारा माणूस स्वतःपुरतं बोलतो. दुसऱ्याचं नाव न घेता दुसऱ्याला वाचवायला निघाला की समजावं, निम्मंच खरं आहे.

मी येताना फळीवरच्या तीन रिंगा खिशात घालून आणल्या होत्या. त्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"काका, यातली सहा पूर्णांक शून्य दोन कोणती तेवढं सांगा."

त्यांनी एक उचलली. डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, दाराच्या उजेडाकडे वळवली. बोटाने कोरलेला आकडा चाचपला. मग दुसरी उचलली. शेवटी त्यांनी एक पुढे केली. ती शून्य चार होती.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला स्वतःलाच आवडला नाही. "नट अंधारातसुद्धा आवळता येतो. पण चार सारख्या रिंगांमधून नेमकी सहाची काढायला डोळे लागतात. ती तुम्ही काढली नाही."

काकांनी रिंग परत ठेवायला हात पुढे केला आणि टेबल चुकलं. रिंग फरशीवर पडून घरंगळत गेली.

"तिचं कुंकू गेलं कालच," ते म्हणाले. "आता तिच्या नावाला तरी हात लावू नका, साहेब."

५

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भेटायला आलेली माणसं मला बघून उठून गेली. आई खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसली होती. सून आतल्या दाराला टेकून उभी होती, तिने वर बघितलं नाही. धाकट्याला मी बरोबर आणलं होतं, पण तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला. उंबरठ्यापासून चार हातांवर.

"त्याला कशाला आणलं?" आई म्हणाली.

"कारण माझं बोलणं त्याच्याबद्दल आहे."

मी सांगितलं. बुश त्याने बरोबर बांधला होता, आणि थोरल्याने तसं म्हटलंही होतं. बार गोल नव्हता म्हणून अडकला. मग मी ठोक्यांवर आलो, आणि जिन्याकडे तोंड करून बोललो, कारण हे ज्याच्यासाठी होतं तो तिथे उभा होता.

"तुमचा थोरला अडकलेला बार एका ठोक्यात सोडवायचा. एक ठोका म्हणजे बार सुटला. दोन म्हणजे झाकण लावलं, चालू कर. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, दोघांनाही त्यात कधी शंका आली नाही. काल बार पहिल्या ठोक्यात सुटला नाही. तीन बाजूंनी रुतला होता, सुटणार कसा? म्हणून त्याने दुसरा ठोका घातला, बारवरच. बारच्या टोकाला दोन्ही खुणा आहेत. तो इशारा देत नव्हता, अजून बारच सोडवत होता. पण याच्या तळहाताला दोन ठोके पोहोचले."

जिन्यावरून आवाज आला. "पण बटण मीच दाबलं ना?"

"दाबलंस. दोन ठोके आले म्हणून दाबलंस. तिथे दुसरा कुणी असता तरी त्यानेही दाबलं असतं. आणि झाकणाचा स्विच बांधलेला नसता, तर कुणीही दाबून काही झालं नसतं. तो बांधायला सांगणाऱ्याचं नाव माझ्या अहवालात सगळ्यात वर आहे."

आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने फक्त विचारलं, "बार तसा आला कसा? तिकडे तपासणी होते ना? ही करते ना?"

सून आत गेली आणि कामाची पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीतून तिने रुमालात बांधलेली रिंग काढली आणि सासूच्या पायांपाशी जमिनीवर ठेवली.

"मी काढली, आई." तिचा आवाज इतका सपाट होता की मला क्षणभर कळलंच नाही ती काय म्हणते आहे. "तीन आठवड्यांपूर्वी बाबांचे बार यातून जाईनात. त्यांना दिसत नाही, हे मला वर्षभर माहीत होतं. बार परत पाठवले असते तर कळलं असतं सगळ्यांना, आणि त्यांना घरी बसवलं असतं. घरी बसले तर ते महिनाभरही जगणार नाहीत असं वाटलं मला. म्हणून रिंग काढली. मायक्रोमीटरने मोजलं की पास व्हायचे. मी खोटं माप एकही लिहिलं नाही."

"त्याला सांगितलंस?" आईने विचारलं.

"नाही. म्हटलं, फार तर काय, बार अडेल. अडला तर हे ठोकून काढतील. आजवर ठोकूनच काढत आले." इथे तिचा आवाज फुटला. "काल बाबा इथे आले, कानात म्हणाले, गप्प राहा, मी सगळं निस्तरलंय. म्हणजे काय ते मला संध्याकाळी कळलं, तुम्ही भावजींना दारातून परत पाठवलंत तेव्हा. मी आत बसले होते, आई. मी ऐकलं सगळं. आणि उठले नाही."

तिने बोलायला हवं होतं. मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा माणसाने बोलू नये, म्हणून मी वहीत डोकं घातलं.

मला वाटलं, म्हातारी आता दार दाखवणार. दाखवलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती.

"एक गेला," आई म्हणाली. "एकाला मी घालवलं. आता तुलाही घालवू? मग या घरात मी आणि भिंती." ती खुर्चीचा हात धरून उठली, दारापर्यंत चालत गेली. "ये आत."

धाकटा हलला नाही.

"आई, या साहेबांनी मला दोन तास प्रश्न विचारले," तो म्हणाला. "परके असून. तू मला एकही विचारला नाहीस."

मी अनेक घरांमध्ये बसलो आहे. रडणं, शिव्या, छाती पिटणं, सगळं पाहिलं आहे. त्या एका वाक्याने आईचा चेहरा जसा झाला तसा मी कुणाचा झालेला पाहिला नाही.

"विचारते," ती म्हणाली. तिने दाराच्या चौकटीला हात लावला. "तूच होतास त्याच्याजवळ. त्याला फार दुखलं का रे?"

अॅम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली होती. ती वीस मिनिटं थोरल्याचं डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं आणि तो शुद्धीवर होता. त्याने काय काय म्हटलं, कुणाकुणाला हाका मारल्या, पाणी किती वेळा मागितलं, हे धाकट्याने सकाळी त्या बाकावर बसून मला शब्दन्‌शब्द सांगितलं होतं.

"नाही आई," धाकटा म्हणाला. "त्याला काही कळलंच नाही. लगेच गेला."

हे तो आईला सांगत होता, पण बघत होता वहिनीकडे.

मी वहीतून डोकं वर काढलं नाही. तपासनिसासमोर दिलेलं खोटं उत्तर नोंदवणं माझ्यावर बंधनकारक आहे, आणि ते मी नोंदवलेलं नाही.

"बरं," आई म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.